लहान चौकोनी बेलर आणि सुबक गासडी

वाळलेले गवत शेतातून उचलून, दाबून, सुतळीने बांधून त्याच्या आयताकृती गासड्या करणारे यंत्र म्हणजे लहान चौकोनी बेलर. ते ट्रॅक्टरमागे चालते. गासडीचा छेद बहुधा 14 × 18 इंच आणि लांबी सुमारे 3 फूट असते. एकट्या माणसाला ती उचलता येते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एडविन नोल्ट यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस स्वयंचलित बांधणीचे बेलर घडवले. त्यातील गाठयंत्रणेचे कूळ मात्र जुने. धान्याच्या पेंढ्या बांधण्यासाठी जॉन ॲपलबी यांनी ती 1870 च्या दशकातच विकसित केली होती.

उचलचक्राचे दाते गवत वर घेतात, भरणदाते ते दाबकक्षात ढकलतात आणि दट्ट्या प्रत्येक फटक्यासरशी त्याचा एक थर दाबतो. दट्ट्यावरचे पाते बाहेर राहिलेले गवत छाटते. मापचक्र ठरलेला फेरा पुरा करताच सुया दट्ट्याच्या खाचांतून सुतळी वर नेतात. हा मेळ क्षणभर चुकला तरी सुया मोडतात.

गासडीचा आकार दट्ट्यापेक्षा भरणीवर ठरतो, हे नवख्या चालकाच्या सहसा ध्यानात येत नाही. कक्षाच्या एका बाजूला गवत कमी पोहोचले की ती बाजू पोचट राहते आणि गासडी केळ्यासारखी वाकते. अशा वेळी सुतळी आवळून काही साधत नाही. भरणदात्यांची पोच बदलावी लागते. शेतातली गवताची ओळही एकसारखी जाड हवी. एका कडेला लांब काड्या लोंबू लागल्या, तर दोष बोथट पात्याचा किंवा पात्यांमधील वाढलेल्या फटीचा असतो. घाईने चालवल्यास थर जाड होतात आणि लांबीत फरक पडतो, कारण अर्धा थर यंत्राला बांधता येत नाही. म्हणून ट्रॅक्टरचा गिअर उतरवावा, यंत्राचे फेरे मात्र कमी करू नयेत.

घट्टपणा कक्षाच्या तोंडाशी असलेल्या ताणपट्ट्यांवर अवलंबून असतो. दुपारी गवत कोरडे व निसरडे होते, तेव्हा पट्ट्या आवळाव्या लागतात. सायंकाळी दमटपणा आला की सैल कराव्या लागतात. ओलावा 20 टक्क्यांहून अधिक असल्यास गासडी आतून तापते आणि बुरशी धरते. उलट, ल्यूसर्न घास अति वाळल्यास पाने झडतात, आणि पोषण तर पानांतच असते.

घोडे व लहान गोठे यांसाठी ही गासडी विशेष सोयीची, कारण सुतळी कापताच थर सुटे होतात व चारा मोजून घालता येतो. रचताना तळची रांग कडेवर उभी ठेवतात. त्यामुळे सुतळी जमिनीला टेकून कुजत नाही.