पोचणाऱ्यांची शर्यत

डिसेंबर १९६८च्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या बंदरात ‘चुसान’ नावाच्या जहाजावर ७२ मोटारी चढवल्या गेल्या. २४ नोव्हेंबरला लंडनहून निघून पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असा पल्ला मारत त्या इथवर आल्या होत्या. निघाल्या होत्या ९८. जहाजाने त्यांना ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवले, १४ डिसेंबरला पर्थहून शर्यत पुन्हा सुरू झाली आणि १७ तारखेला सिडनीला ५६ गाड्या पोचल्या. सुमारे १६,००० किलोमीटरच्या या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये पहिली आली हिलमन हंटर, म्हणजे ब्रिटनमधल्या मध्यमवर्गीय कुटुंबाने बाजारहाटाला न्यावी अशी चार दारांची साधी गाडी. तिच्याहून दमदार गाड्या आणि तिच्या चालकांहून नावाजलेले चालक मैदानात होते. तरीही ती जिंकली, कारण लांब पल्ल्याच्या रॅलीत वेग हे भांडवल असते आणि ते उधळणाऱ्यापेक्षा बेताने खर्च करणारा शेवटपर्यंत टिकतो.

हे पटण्यासाठी आधी गुणांची रीत समजून घ्यायला हवी. अशा रॅलीत मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याला वेळ ठरवून दिलेली असते. तिच्यापेक्षा जितकी मिनिटे उशीर, तितके दंडाचे गुण. शेवटी ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजेता. वेळेआधी पोचल्याबद्दल बक्षीस नाही. सोप्या टप्प्यावर कुणी अर्धा तास आधी पोचला तर त्याच्या पदरी फक्त थोडी झोप पडते. मात्र तो अर्धा तास मिळवताना गाडीने जो मार खाल्लेला असतो, तो तिच्या अंगात साठून राहतो. खडीच्या रस्त्यावर हा मार निरनिराळ्या वाटांनी येतो. वाहतुकीने अशा रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटतात. त्यांवरून गाडी हळू नेली तर हाडे खिळखिळी होतात. वेगाने नेली तर चाके लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जातात, हादरे कमी जाणवतात, पण जमिनीवरची पकड सुटते आणि वळणावर गाडी ऐकेनाशी होते. शॉकअब्सॉर्बर सतत वरखाली होऊन तापतात आणि निकामी होतात. उडालेले दगड इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्यांवर आपटतात. बारीक धूळ एअर फिल्टरमध्ये बसते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. यातले काहीच एका फटक्यात होत नाही, म्हणूनच चालकाला ते उशिरा कळते.

मुंबईपर्यंत आघाडीवर होता इंग्लंडचा रॉजर क्लार्क, त्या काळच्या सर्वांत वेगवान रॅलीपटूंपैकी एक. त्याची लोटस कॉर्टिना ऑस्ट्रेलियात मात्र कोलमडू लागली. आधी इंजिन बिघडले, तेव्हा आपल्याच संघातल्या दुसऱ्या कॉर्टिनाचे भाग काढून ते चालू करावे लागले. मग डिफरन्शियल गेले, तेव्हा वाटेत भेटलेल्या एका कॉर्टिनाच्या मालकाकडून ते मिळवावे लागले. क्लार्क दहावा आला. हंटरमध्ये अँड्र्यू काउअन, कॉलिन माल्किन आणि ब्रायन कॉयल असे तिघे होते. मुंबईला ही गाडी आघाडीच्या बरीच मागे होती. सिडनीला पोचताना तिच्या नावावर दंडाचे ५० गुण होते, म्हणजे लंडनपासूनच्या साऱ्या प्रवासात मिळून ५० मिनिटांचा उशीर.

यावर पहिला आक्षेप येईल तो नशिबाचा. शेवटच्या टप्प्यांत आघाडीवर होती ल्युसिएन बियांकीची सित्रोएन. सिडनी दोनशे किलोमीटरच्या आत आले असताना समोरून आलेल्या एका मोटारीशी तिची टक्कर झाली. ती झाली नसती, तर आज हंटरचे नाव कुणी घेतले असते का? कदाचित नसते. एका शर्यतीपुरता दैवाचा वाटा नाकारता येत नाही. पण दैव त्याच माणसाला पुन्हापुन्हा साथ देऊ लागले, तर त्याला कसब म्हणावे लागते. १९७७मध्ये लंडन-सिडनी शर्यत पुन्हा झाली, आधीपेक्षा कितीतरी लांब मार्गावर. या वेळी मर्सिडीझ घेऊन ती जिंकणारा चालकही अँड्र्यू काउअनच होता. याहून ठसठशीत पुरावा पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीत सापडतो. १९६३ साली तिथे ८४ गाड्या निघाल्या, पोचल्या ७. १९६८ साली पावसाने रस्त्यांचा चिखल केला, ९३ निघाल्या, पोचल्या पुन्हा ७. इतकी दाणादाण उडालेल्या या दोन्ही वर्षी जिंकणारी जोडी एकच होती, निक नोविकी आणि पॅडी क्लिफ, आणि दोन्ही वेळा गाडी होती प्यूजो ४०४.

दुसरा आक्षेप म्हणजे हे सारे घाटातल्या ‘अति घाई संकटात नेई’ या पाटीपलीकडे काही सांगत नाही. पण नुसत्या सावधपणाने या रॅली जिंकता येत नाहीत. काही टप्प्यांची वेळ इतकी कमी असते की ती कुणालाच पाळता येत नाही. तिथे हात आखडणाऱ्याचा दंड वाढत जातो. काउअनच्या मागे दुसऱ्या आलेल्या पॅडी हॉपकर्कचे गुण होते ५६. इतक्या लांबच्या वाटेवर फरक सहा मिनिटांचा. म्हणजे जिथे मिनिट वाचवण्याजोगे आहे तिथे जीव तोडून हाकायचे आणि जिथे नाही तिथे गाडीला विसावा द्यायचा. कुठे काय करायचे हे रात्रीच्या अंधारात, अपुऱ्या झोपेत, ओळखता आले पाहिजे.

तिसरा आक्षेप जिवाच्या धोक्याचा आणि तो मात्र मान्यच केला पाहिजे. बियांकी त्या टकरीत गंभीर जखमी झाला. मागून आलेला हॉपकर्क शर्यत विसरून मदतीला धावला, हे त्याचे मोठेपण. पण खासगी वाहन समोर येऊ शकते अशा रस्त्यावर शर्यत लावण्याचे समर्थन त्यातून होत नाही. २०२१मध्ये सफारी जागतिक रॅली मालिकेत परतली ती वाहतूक बंद केलेल्या रस्त्यांवर. पूर्वीच्या हजारो किलोमीटरच्या जागी आता वेग मोजला जातो तो काहीशे किलोमीटरवर. तिथे निव्वळ वेगाला पुन्हा भाव आला आहे आणि माणसांच्या जिवासाठी हा सौदा योग्यच आहे. मात्र या नव्या मापाने जुन्या विजेत्यांना तोलू नये. त्यांचा निकाल वाचताना आधी किती निघाले आणि किती पोचले हे दोन आकडे पाहावेत, पहिल्या क्रमांकाचे नाव त्यानंतर.