मंद वारा आणि कसरती पतंग

पतंगाला वारा लागतो, हे लहान मुलासही ठाऊक असते. तथापि पतंगाच्या दृष्टीने वारा म्हणजे काय, याचा विचार केल्यास असे आढळते की, हवा पतंगाकडे येते की पतंग हवेतून पुढे सरकतो, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दोहोंमधील सापेक्ष वेग पुरेसा असला म्हणजे तो तरंगतो. या साध्या तत्त्वाच्या आधारे अतिशय हलक्या कसरती पतंगांची एक विशेष जात निर्माण झाली आहे. झाडाची पाने जेमतेम हलविणाऱ्या वाऱ्यातही हे पतंग वर चढतात, गिरक्या घेतात, उताणे होऊन तरंगतात आणि पुन्हा सरळ होतात. हे कसे घडते, ते प्रस्तुत पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

दोन दोऱ्यांचा पतंग

आपल्याकडील पतंग एका दोरीवर उडतो. कसरती पतंगास दोन दोऱ्या असतात. एक डाव्या पंखाला व दुसरी उजव्या पंखाला. उजवी दोरी ओढली की पतंग उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॉल गार्बर यांनी अमेरिकेच्या नौदलासाठी दोन दोऱ्यांनी वळविता येणारा पतंग तयार केला होता. तोफा चालविणाऱ्या सैनिकांना हलत्या लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव मिळावा, हा त्याचा उद्देश होता. पुढे १९७२ साली इंग्लंडमध्ये पीटर पॉवेल यांनी दोन दोऱ्यांचा पतंग तयार केला आणि तो खेळ म्हणून लोकप्रिय झाला.

आजचा कसरती पतंग त्रिकोणी आकाराचा असून त्याचा विस्तार पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सामान्यतः दोन ते अडीच मीटर असतो. आपल्या पतंगातील बांबूच्या कामट्यांची जागा येथे कार्बन तंतूंच्या पोकळ नळ्यांनी घेतली आहे. कागदाच्या जागी नायलॉन अथवा पॉलिएस्टरचे घट्ट विणलेले तलम कापड असते. मंद वाऱ्याच्या पतंगास पॉलिएस्टर अधिक पसंत करतात, कारण नायलॉन दमट हवेतील ओलावा शोषून सैल पडते. अशा पॉलिएस्टर कापडाच्या एका चौरस मीटरचे वजन सुमारे ३१ ग्रॅम भरते. वहीचा साधा कागद याच्या जवळजवळ दुप्पट जड असतो.

वाऱ्याचा हिशेब

वाऱ्याची तीव्रता मोजण्याच्या बोफर्ट श्रेणीत पहिल्या क्रमांकाच्या वाऱ्याचा वेग सेकंदाला ०.३ ते १.५ मीटर असतो. या वाऱ्याने धूर वाकतो, परंतु वातकुक्कुट हलत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या वाऱ्याचा वेग १.६ ते ३.३ मीटर असतो; तो चेहऱ्यास जाणवतो व पाने सळसळतात. अतिहलक्या पतंगाचे कार्यक्षेत्र या दोन श्रेणींत येते.

पतंगावर पडणारी हवेची प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ०.८ चौरस मीटर क्षेत्रफळाचा एक पतंग घेऊन ढोबळ हिशेब करू. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. उत्थापनाचा गुणांक एक मानल्यास, सेकंदाला ४ मीटर वेगाचा वारा सुमारे ७८० ग्रॅम वजन तोलून धरील. वेग निम्मा, म्हणजे २ मीटर झाला, तर ही शक्ती निम्मी न होता चौथ्या हिश्शावर येते व जेमतेम १९५ ग्रॅम उरते. वेग १ मीटरवर आला, तर केवळ ४९ ग्रॅम. वारा किंचित मंदावताच पतंग एकदम का कोसळतो, याचे कारण या वर्गाच्या नियमात आहे.

हलकेपणाची मर्यादा

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे पतंग हलका करणे. अतिहलक्या पतंगाच्या नळ्या बारीक असतात, शेपटाकडील वजन काढून टाकलेले असते आणि दोऱ्याही बारीक व आखूड असतात. जाड दोरीस तिचे स्वतःचे वजन असते व तिच्यावर हवेचा अवरोधही पडतो. मंद वाऱ्यात त्यामुळे ती झोळीसारखी लोंबते आणि हाताची हालचाल पतंगापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्या झोळात जिरून जाते.

परंतु वर्गाचा नियम येथेही आडवा येतो. वरील हिशेबानुसार ३०० ग्रॅमच्या पतंगास सेकंदाला सुमारे २.५ मीटर वारा लागेल. वजन निम्मे करून १५० ग्रॅमवर आणले, तरी गरज १.७५ मीटरपर्यंतच उतरते. वाऱ्याची गरज खरोखर निम्मी करावयाची, तर वजन चौथ्या हिश्शावर, म्हणजे ७५ ग्रॅमवर आणावे लागेल. आणि एवढ्या वजनात अडीच मीटर विस्ताराचा ताठ सांगाडा बसविणे फार कठीण. शिवाय अतिहलक्या पतंगात एक दोषही उत्पन्न होतो. त्याचे जडत्व कमी असल्यामुळे एकदा दिलेली गिरकी हवेच्या विरोधाने लवकर थांबते. म्हणून पतंग बनविणाऱ्यास तारतम्य राखावे लागते.

उणीव पावलांनी भरून निघते

वजन कमी करून जे पूर्णपणे साधत नाही, ते उडविणाऱ्याच्या पावलांनी साधते. वारा सेकंदाला १ मीटर असताना उडविणारा त्याच वेगाने मागे चालू लागला, तर पतंगास २ मीटरचा वारा मिळतो आणि उत्थापक प्रेरणा चौपट होते. ४९ ग्रॅमच्या ठिकाणी आता १९५ ग्रॅम तोलले जातात. सेकंदाला एक मीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर; माणसाच्या नेहमीच्या चालीपेक्षा हा वेग कमीच आहे.

नवशिका मनुष्य या प्रसंगी हात जोराने मागे ओढतो. हाताची ओढ क्षणभर टिकते व हाताच्या लांबीशी संपते. त्यानंतर पतंग वेगहीन होऊन लोंबकळतो. याउलट संथ व अखंड पावलांनी मिळणारा वेग टिकाऊ असतो. वारा पूर्णपणे पडलेला असतानाही सभागृहात असे पतंग उडविता येतात. उडविणारा मंडलाकार चालत राहतो आणि त्याच्या चालण्यातूनच पतंगाचा सारा वारा निर्माण होतो.

तथापि मैदान अमर्याद नसते. सतत मागे चालणारा मनुष्य अखेर कुंपणाशी येतो. खर्च केलेली जमीन परत कशी मिळवावयाची, या प्रश्नाचे उत्तर कसरतीतच सापडते.

ढील आणि कसरत

भारतीय पतंगबाजास ढील म्हणजे काय, हे सांगावयास नको. आपल्या चौकोनी पतंगाची दोरी खेचली की आडवी कामटी वाकते, दोन्ही बाजू मागे झुकतात आणि पतंग नाकासमोर सरळ धावतो. ढील दिली की तो सपाट होऊन अस्थिर होतो व फिरू लागतो. हवे त्या दिशेला नाक आले की पुन्हा खेचावयाचे. दोन दोऱ्यांच्या पतंगाच्या कसरतीचे मूळही याच तत्त्वात आहे. दोऱ्या ताणलेल्या असेपर्यंत पतंग त्यांच्या शिस्तीत उडतो. त्या सैल पडताच तो क्षणभर मुक्त होतो आणि आधी मिळालेल्या झटक्याप्रमाणे फिरतो.

‘अ‍ॅक्सल’ नावाची कसरत उदाहरणादाखल घेता येईल. प्रथम पतंग हवेत स्थिर करतात. नंतर एका दोरीस छोटा तीव्र झटका देऊन लगेच दोन्ही हात पुढे नेतात. पतंग पोट जमिनीकडे करून आडवा होतो आणि चक्राप्रमाणे एक पूर्ण फेरा घेतो. ‘फेड’ या कसरतीत तो उताणा होऊन, नाक उडविणाऱ्याकडे करून तरंगतो. ‘यो-यो’ कसरतीत तो स्वतःभोवती उलटून दोऱ्या अंगावर गुंडाळून घेतो व पुन्हा उलगडतो. या दोऱ्या उच्च प्रतीच्या पॉलिएथिलीनच्या असून इतक्या गुळगुळीत असतात की, एकमेकींभोवती अनेक पीळ पडले तरी त्या सहज सरकतात व पतंग आज्ञेत राहतो.

जोराच्या वाऱ्यात सैल पडलेला पतंग वाऱ्याबरोबर दूर वाहत जातो आणि ढील आपोआप संपते. मंद वाऱ्यात असे घडत नाही. ढील उडविणाऱ्यालाच एक-दोन पावले पुढे जाऊन द्यावी लागते. ही अडचण वाटली, तरी तिच्यातच लाभ आहे. पुढे टाकलेल्या प्रत्येक पावलाने मागे चालण्यात गेलेली जमीन परत मिळते. दुसरा लाभ वेळेचा. सुमारे २०० ग्रॅमचा हा पतंग आडवा झाला असता सेकंदाला साधारण दोन मीटर एवढ्याच वेगाने, गळलेल्या पानाप्रमाणे खाली येतो. त्यामुळे कसरत संथपणे पूर्ण होते व पाहणाऱ्यास तिचा प्रत्येक टप्पा दिसतो. मागे चालून उंची मिळवावयाची, पुढे चालून कसरत करावयाची व पुन्हा मागे सरावयाचे, असा हा जमाखर्च मांडला की लहानशा मैदानातही बराच काळ उडविता येते.

सावधगिरी

कार्बनच्या नळ्या विजेच्या वाहक आहेत. म्हणून विजेच्या तारांजवळ अथवा वादळी ढगांच्या सान्निध्यात असा पतंग कधीही उडवू नये. या खेळात काटाकाटी नसते व दोरीस काच लावीत नाहीत. तरीही ताणलेली बारीक दोरी अंगास कापू शकते. यास्तव पतंगाखाली व दोऱ्यांच्या वाटेत माणसे वा जनावरे नसावीत. मांजाने पक्षी व माणसे जखमी होतात, हे ध्यानी घेऊन राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली नायलॉन व इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. कसरती पतंगाची दोरीही कृत्रिम धाग्याचीच असल्यामुळे भारतात ती वापरण्यापूर्वी आपल्या गावचे नियम पाहून घेणे अवश्य आहे.

मंद वाऱ्यातील पतंगाचे शास्त्र थोडक्यात असे सांगता येते: वजन घटविल्याने वाऱ्याची गरज थोडी घटते, पावलांनी वारा वाढविता येतो, आणि कसरत घडते ती ढिलीच्या क्षणी. जोराच्या वाऱ्यात या तिन्ही गोष्टी झाकल्या जातात, कारण तेथे वाराच बहुतेक काम करतो. वारा मंदावला म्हणजे ते काम उडविणाऱ्याच्या हातापायांकडे येते. म्हणून हा खेळ शिकू इच्छिणाऱ्याने मंद वाऱ्याचा दिवस वाया गेला असे मानू नये. किती खेचावे आणि केव्हा सोडावे, हे त्या दिवशी जितके स्पष्ट कळते तितके एरवी कळत नाही.