वीर कोणाला म्हणावे?

प्रस्तावना

वर्तमानपत्र उघडले की 'वीर', 'योद्धा', 'नायक', 'हिरो' हे शब्द आपल्याला जवळजवळ रोज भेटतात. कधी ते सीमेवरच्या जवानासाठी योजलेले असतात, तर कधी शतक झळकावणाऱ्या फलंदाजासाठी. एकच शब्द इतक्या वेगवेगळ्या माणसांना लावला जातो, तेव्हा त्याचा नेमका अर्थ कोणता, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सैनिक आणि खेळाडू यांपैकी या शब्दाचा खरा मानकरी कोण, याची चर्चा प्रस्तुत पाठात केली आहे. पाठ वाचताना लेखकाने दिलेली उदाहरणे आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष यांचा मेळ बसतो का, हे तुम्हीही पडताळून पाहा.

मूळ पाठ

१. शब्द आणि परंपरा

क्रिकेटच्या सामन्याचे वर्णन करताना 'शेवटच्या जोडीने खिंड लढवली' असे आपण सहज म्हणतो. या वाक्प्रचारामागे एक खरी खिंड आहे. १६६० साली पन्हाळगडाच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले. त्या वेळी बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्याबरोबरचे मूठभर मावळे घोडखिंडीत पाय रोवून उभे राहिले. महाराज गडावर सुखरूप पोहोचेपर्यंत त्यांनी शत्रूला अडवून धरले आणि ते धारातीर्थी पडले. बाद झालेला फलंदाज तंबूत परततो आणि पुढच्या सामन्यात पुन्हा मैदानात उतरतो. खिंडीत उभ्या राहिलेल्या मावळ्यांना पुढचा सामना नव्हता. खेळाने युद्धाचे शब्द उसने घेतले यात गैर काही नाही. भाषा अशीच वाढत असते. मात्र शब्द उसना घेतला म्हणून दोन्ही कृत्यांचे मोल एकच ठरत नाही, एवढे भान ठेवले पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी वीर कोणाला मानले, हे पाहायचे असेल तर महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत, जुन्या देवळांच्या आवारात उभे असलेले वीरगळ पाहावेत. वीरगळ म्हणजे वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. तिच्या तळाशी लढाईचे दृश्य असते, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा असतात आणि वरच्या भागात तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. सगळ्यांत वर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ते असेपर्यंत या माणसाची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. काही वीरगळांवर गाई कोरलेल्या आढळतात. गावचे गोधन पळवायला आलेल्यांशी लढताना ज्याने प्राण दिले, त्याची ती आठवण असते. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. गावाने नाव कोरले नाही, पण कृत्य कोरून ठेवले.

संस्कृत साहित्यशास्त्राने तर वीराची व्याख्या आणखी व्यापक केली. वीररसाचा स्थायीभाव 'उत्साह' मानला गेला आणि वीरांचे चार प्रकार सांगितले गेले: युद्धवीर, दानवीर, दयावीर आणि धर्मवीर. म्हणजे हाती शस्त्र असणे ही वीरत्वाची अट परंपरेनेही कधी घातली नव्हती. या चौघांमध्ये समान धागा आहे तो असा, की प्रत्येक जण आपल्याजवळचे काहीतरी मोलाचे पणाला लावतो आणि ते दुसऱ्यासाठी किंवा तत्त्वासाठी लावतो.

२. रणांगणावरील पराक्रम

स्वतंत्र भारताचा सर्वोच्च युद्धकालीन शौर्यसन्मान म्हणजे परमवीर चक्र. २६ जानेवारी १९५० रोजी त्याची स्थापना झाली. मूळच्या युरोपीय असलेल्या आणि मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून भारतीय झालेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी या पदकाची रचना केली. पदकावर इंद्राचे वज्र कोरलेले आहे. हे वज्र दधीची ऋषींनी स्वेच्छेने दिलेल्या अस्थींपासून घडवले, अशी पुराणकथा आहे. देशातील सर्वांत मोठ्या युद्धपदकावर शस्त्र आहे, पण ते शस्त्र ज्याच्या त्यागातून घडले त्याची आठवणही त्यातच आहे.

या पदकाचे एक मानकरी सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिया गावी १९१८ साली त्यांचा जन्म झाला. सैन्याच्या अभियांत्रिकी दलात, बाँबे सॅपर्समध्ये, ते होते. एप्रिल १९४८ मध्ये भारतीय सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले, तेव्हा शत्रूने वाटेत सुरुंग पेरले होते आणि झाडे पाडून रस्ता अडवला होता. तो मोकळा करण्याचे काम राणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे आले. ८ ते ११ एप्रिल या चार दिवसांत, तोफगोळ्यांच्या माऱ्यात, ते सुरुंग शोधून काढत राहिले. त्यांचे काही सहकारी कामी आले, काही जखमी झाले. राणे स्वतः जखमी होऊनही मागे फिरले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोरीच्या खुणेने चालकाला थांबवत आणि पुढे नेत, त्यांनी वाट खुली केली. या पराक्रमात शत्रूला मारण्यापेक्षा मागून येणाऱ्यांना जिवंत पुढे नेण्याला महत्त्व होते. शौर्य म्हणजे केवळ प्रहार, अशी आपली समजूत असेल, तर ती राणे यांच्या उदाहरणाने बदलावी लागते.

३. मैदानावरील पराक्रम

आता दुसरी बाजू पाहू. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्याइतके पैसे त्यांच्यापाशी नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबा पुन्हा आखाड्यात उतरले आणि कुस्त्यांतून मिळालेल्या पैशातून त्यांनी प्राचार्यांचे गहाण घर सोडवले.

या कथेत कोणाचाही जीव धोक्यात नव्हता. तरीही ती ऐकताना ऊर भरून येतो. याचे कारण काय? खेळाडू आपल्या डोळ्यांसमोर एक गोष्ट सिद्ध करून दाखवतो: साधने अपुरी असली, तरी शिस्त, सराव आणि चिकाटी यांच्या बळावर माणूस जगाच्या बरोबरीने उभा राहू शकतो. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला या विश्वासाची मोठी गरज होती. म्हणून खेळाडूचे यश म्हणजे नुसती करमणूक आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

४. फरक कोठे आहे?

एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. खेळात हरण्याची किंमत हार एवढीच असते. दुखापत होते, कारकीर्दही संपते, पण प्रतिस्पर्धी शेवटी हस्तांदोलन करतो. युद्धात चुकीची किंमत प्राणांनी चुकवावी लागते, आणि ती पुष्कळदा स्वतःबरोबर इतरांच्याही. शिवाय खेळाडू मुख्यतः स्वतःच्या कौशल्याची सीमा गाठण्यासाठी झटतो, तर सैनिकाचे कर्तव्यच दुसऱ्याच्या रक्षणाचे असते.

यावर कोणी म्हणेल, सैनिकालाही वेतन मिळते, मग त्यात विशेष ते काय? वेतन कामाचे मिळते हे खरे. परंतु रणगाड्याखाली सरपटत जाण्याचा मोबदला कोणत्याही वेतनपत्रकात बसत नाही. उलट दुसरा कोणी म्हणेल, अंगावर गणवेश चढला की प्रत्येक जण वीरच. हेही तितकेच अपुरे आहे. गणवेश वीरत्वाची संधी आणि जबाबदारी देतो. वीरत्व मात्र त्या क्षणी केलेल्या निवडीतून सिद्ध होते. म्हणूनच परमवीर चक्र संपूर्ण सैन्याला नव्हे, तर आजवर केवळ २१ जणांना मिळाले आहे.

५. दोन्ही वाटांवरचे प्रवासी

'सैनिक की खेळाडू?' हा प्रश्न काही जीवनचरित्रांपुढे अडखळतो. १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या हॉकी संघांत असलेले ध्यानचंद सैन्यातच घडले. २०२१ मध्ये टोकियोत भालाफेकीचे सुवर्णपदक जिंकणारा नीरज चोप्रा सैन्यात सुभेदार होता.

या दोन्ही वाटा सर्वांत जवळ आल्या त्या मुरलीकांत पेटकर यांच्या आयुष्यात. सांगली जिल्ह्यातले पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. पुढे ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक पटकावले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. या यशाला देशाने पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी.

या विलंबातून आपल्या प्रश्नाचे खरे गांभीर्य लक्षात येते. आपण वीर कोणाला म्हणतो, हा केवळ शब्दांचा खेळ नाही. ज्याला आपण वीर म्हणतो त्याला आपण लक्षात ठेवतो, त्याच्या कुटुंबाची विचारपूस करतो, मुलांना त्याची गोष्ट सांगतो. ज्याच्यावर प्रकाशझोत पडला नाही तो विसरला जातो, मग तो जायबंदी जवान असो की अपंग जलतरणपटू. प्रसिद्धी हाच मानदंड धरला, तर युद्ध संपल्यावर सैनिक आणि स्पर्धा संपल्यावर खेळाडू असे दोघेही विस्मृतीत जातात.

६. गणवेशाच्या आणि मैदानाच्या पलीकडे

रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी आपल्याकडे अशोक चक्र दिले जाते आणि ते सामान्य नागरिकालाही मिळू शकते. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या विमानतळावर अतिरेक्यांनी एक विमान ताब्यात घेतले. त्यातील हवाई कर्मचारी नीरजा भनोत हिने प्रवाशांना बाहेर पडायला मदत केली आणि इतरांना वाचवताना प्राण गमावले. तिला वयाची तेवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराची बंदूक हातांनी धरून ठेवली. त्यांच्यापाशी फक्त लाठी होती. गोळ्या त्यांनी स्वतःच्या अंगावर झेलल्या, आणि त्यामुळेच हल्लेखोर जिवंत हाती लागला. दोघांनाही मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले. विमानातील सेविका आणि लाठीधारी पोलीस यांना त्या दिवशी घरातून निघताना आपण वीर ठरणार आहोत, याची कल्पनाही नव्हती.

७. समारोप

तेव्हा 'वीर' हा शब्द वापरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. या माणसाने काय पणाला लावले? आणि कोणासाठी? ज्याने समजून-उमजून स्वतःचे सर्वस्व इतरांसाठी पणाला लावले तो वीर; मग तो सैनिक असो, पोलीस असो वा तुमच्या वस्तीतला पुरात उडी घेणारा तरुण असो. ज्याने अपार कष्टांनी माणसाच्या क्षमतेची सीमा पुढे सरकवली तो आदर्श खेळाडू. त्याच्यापासून जिद्द शिकावी, त्याचे मनापासून कौतुक करावे. दोघांना एकाच तराजूत तोलले, तर दोघांवरही अन्याय होतो. राणे यांचे परमवीर चक्र आणि खाशाबांचे ऑलिंपिक पदक, ही दोन्ही पदके कांस्य धातूची आहेत. त्यांचे मोल धातूवरून ठरत नाही, हे आपल्याला कळते. मग ते टाळ्यांच्या आवाजावरूनही ठरू नये.

स्वाध्याय

१. 'खिंड लढवणे' या वाक्प्रचाराचा मूळ संदर्भ सांगा आणि त्याचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.
२. वीरगळांवर बहुधा नाव नसते. यावरून त्या काळच्या समाजाविषयी कोणता निष्कर्ष काढता येईल?
३. राम राघोबा राणे यांच्या पराक्रमाचे वेगळेपण तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'खेळाडूलाही वीर म्हटले पाहिजे' या मताच्या बाजूने किंवा विरोधात आठ ते दहा ओळी लिहा.
५. तुमच्या परिसरातील, प्रसिद्धी न मिळालेल्या एखाद्या वीर व्यक्तीची माहिती मिळवून परिच्छेद लिहा.