परदेशातलं बिऱ्हाड आणि पुलापलीकडची फटफटी

मंडळी, घरातली मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक खोली करायची झाली, तर आपण काय करतो? गवंड्याला बोलावतो. तो भिंतीवर दोन टिचक्या मारतो, तुळईचा भार कुठं आहे ते बघतो, आणि चांगला वार पाहून कुदळ घालतो. शेजाऱ्याला कळतं ते धूळ उडाल्यावर. ग्रामपंचायतीचा कागद लागतो, पण तो बहुधा मागाहून येतो!

आता अशी कल्पना करा की, तुमच्या डोक्यावर दहा बिऱ्हाडं आहेत आणि पायाखाली दहा. तुमची भिंत ही दुसऱ्या कोणाचा तरी आधार आहे आणि तुमची जमीन हे खालच्याचं छप्पर आहे. सिंगापुरात राहायला गेलेल्या आपल्या माणसाला पहिला धडा मिळतो तो हा. गावाकडून पत्र जातं, फोन जातो, ‘घर झालं का रे स्वतःचं?’ आणि तो काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेतो. तो असं का करतो, हे आज आपण समजून घेऊ.

सिंगापूर हे पूर्व-पश्चिम सुमारे ५० किलोमीटर लांबीचं बेट. क्षेत्रफळ साधारण ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढं, आणि त्यात वस्ती सुमारे साठ लाखांची. १९६० साली तिथं गृहनिर्माण आणि विकास मंडळ स्थापन झालं. पुढच्याच वर्षी, २५ मे १९६१ रोजी, बुकित हो स्वी या वस्तीला आग लागली. लाकडाच्या आणि झावळ्यांच्या झोपड्या त्या. सुमारे सोळा हजार माणसं एका दिवसात उघड्यावर आली. त्यानंतर मंडळानं उंच इमारती बांधण्याचा जो सपाटा लावला, तो आजवर थांबलेला नाही. देशातल्या दर दहा रहिवाशांपैकी साधारण आठ जण या सरकारी इमारतींत राहतात. तिथं घर ‘विकत’ मिळतं म्हणजे ९९ वर्षांच्या पट्ट्यानं मिळतं. जमीन सरकारची ती सरकारचीच.

अशा घरात दुरुस्ती काढायची म्हटली की नियम सुरू होतात. भिंत पाडायची? आधी मंडळाचा परवाना. काम करणारा ठेकेदारही मंडळाच्या यादीतलाच हवा. भावकीतला गवंडी चालत नाही. भार पेलणाऱ्या भिंतीला आणि खांबाला तर हातच लावायचा नाही. नव्या लाद्या बसवायच्या असतील तर खालच्या गिलाव्यासकट थराची जाडी ५० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, म्हणजे जेमतेम दोन इंच. कारण उघड आहे. प्रत्येकानं हौसेनं चार चार इंचांचा थर चढवला, तर इमारतीवर न मोजलेला किती बोजा पडेल!

मोरीचा नियम तर मला फार शहाणपणाचा वाटतो. इमारत नवी असेल तर पहिली तीन वर्षं न्हाणीघरातली मंडळानं बसवलेली लादी उखडायची नाही. त्या लादीखाली पाणी अडवणारा थर असतो. तो फुटला की तुमच्या आंघोळीचं पाणी खालच्याच्या आढ्यातून टिपकायला लागतं. आणि असं आढं गळू लागलं, तर दुरुस्तीची जबाबदारी वरच्या आणि खालच्या घरमालकांनी मिळून घ्यायची. आपल्याकडे दोन भावांच्या मधल्या भिंतीवरून पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेरी चालते, त्या मानानं हे बरंच म्हणायचं.

आवाजाचीही वेळ ठरलेली आहे. भिंत फोडणं, लादी कापणं असली ठोकाठोक सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एवढ्यातच. शनिवारी, रविवारी आणि सणासुदीच्या सुटीला ती बंद. दिवाळीची तिथं सार्वजनिक सुटी असते, तेव्हा त्या दिवशीही शांतता. पाडापाडीचं काम एकदा सुरू केलं की लागोपाठ तीन दिवसांत उरकायचं. रात्रपाळी करून आलेला माणूस, तान्हं मूल, आजारी म्हातारी, यांचा विचार या वेळापत्रकामागं आहे. ‘माझं घर, मी काहीही करीन’ ही भाषा तिथं कामाची नाही.

पण मंडळी, हे सगळं झालं घरमालकाचं. आपला माणूस नोकरीच्या परवान्यावर गेलेला असतो. त्याला मंडळाचं घर विकत घेताच येत नाही. कायम रहिवासाचा दाखला मिळाला आणि त्यालाही तीन वर्षं झाली, तर कुटुंबासह कोणाचं तरी जुनं घर घेता येतं. खासगी इमारतीत परदेशी माणसाला घर मिळतं, पण २७ एप्रिल २०२३ पासून त्यावर ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे. एक कोटीच्या घराला साठ लाख नुसता कर! तेव्हा बहुतेक जण भाड्यानंच राहतात. आणि भाडेकरूला भिंत पाडणं सोडाच, देव्हारा टांगायला खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागतं. पगार चांगला, घर स्वच्छ, चोवीस तास पाणी. पण घरात आपल्या मनासारखं असं काही करायची सोय नाही. इथं बसून हे कळत नाही. आपल्याला पोरगा कंजूष झाला असं वाटतं.

मग त्यातल्या एखाद्याचं मन फटफटीकडे वळतं. निदान ती तरी आपली असेल!

इथंही सोपं नाही. परवान्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्यांदा २०० सी.सी.पर्यंतची गाडी. ती वर्षभर चालवल्यावर ४०० सी.सी.पर्यंतच्या गाडीची परीक्षा देता येते, आणि आणखी एका वर्षानंतर त्यापुढची मोठी गाडी. म्हणजे पहिल्या दिवशी पैसे मोजून मोठं धूड घेतलं आणि गावभर फिरवलं, असं होत नाही. (आपल्याकडे हा नियम आला तर किती आया सुखानं झोपतील!) शिवाय गाडीच्या किमतीखेरीज, गाडी बाळगण्याच्या हक्काची किंमत वेगळी. १९९० पासून तिथं वाहनाचं हक्कपत्र घ्यावं लागतं. ही पत्रं मोजकीच निघतात आणि त्यांचा महिन्यातून दोनदा लिलाव होतो. फटफटीच्या हक्कपत्राची बोली प्रसंगी दहा हजार सिंगापूर डॉलरांच्या वर गेलेली आहे, म्हणजे आपले सहा लाखांहून अधिक. मुदत दहा वर्षं. पुढं चालवायची तर पुन्हा पैसे भरा, नाहीतर गाडी मोडीत. २०१८ पासून मोटारी आणि फटफट्यांची एकूण संख्या वाढूच द्यायची नाही असं धोरण आहे. एक निघाली तर एक येणार.

एवढं सोसून गाडी घेतली, तर बेट तासाभरात संपतं. म्हणून हौशी मंडळी रविवारी पहाटे उत्तरेला वुडलँड्सकडे निघतात. तिथं समुद्रावर साधारण एक किलोमीटरचा बांधाचा रस्ता आहे, १९२४ साली रीतसर खुला झालेला. पारपत्र दाखवायचं, पलीकडे मलेशियाचं जोहोर बाहरू. पुढं रबराचे आणि तेलमाडाचे मळे, लांबलचक रस्ता, आणि त्या उत्तर-दक्षिण महामार्गावर फटफटीला टोल नाही. दोन-अडीचशे किलोमीटरवर मलाक्का. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून जातात, त्यामुळं हाताला सवय लागते लवकर. मात्र पाऊस कोसळतो तो आपल्या कोकणातल्यासारखा. त्यासाठी दोन्ही देशांत महामार्गालगत, कुठं पुलाखाली, फटफटीवाल्यांना थांबायला आडोसे केलेले आहेत. अनोळखी माणसं तिथं ओल्या कपड्यांनी अर्धा तास एकत्र उभी राहतात, गप्पा होतात. परक्या मुलखात ओळखी अशाही जुळतात.

त्याच बांधावर एक दुसरंही दृश्य दिसतं. रोज पहाटे अंधारात मलेशियातले हजारो कामगार फटफटीवरून सिंगापुरात कामाला येतात आणि रात्री परततात. घरभाडं तिकडं स्वस्त, मजुरी इकडं जास्त. आपल्या माणसाची जी रविवारची हौस, तीच त्यांची रोजची भाकरी.

शिक्षक बंधुभगिनींनी वरच्या वर्गातल्या मुलांना परदेशातल्या नोकरीबद्दल सांगताना पगाराच्या आकड्याबरोबर आणखी एक आकडा सांगावा. नोकरी सुटून परवाना रद्द झाला, की साधारण तीस दिवसांत देश सोडावा लागतो. एवढ्या दिवसांत मुलांच्या शाळेचे दाखले काढायचे, सामान बांधायचं, फटफटी हक्कपत्राच्या उरलेल्या मुदतीसकट विकायची, आणि अनामत रक्कम परत मिळावी म्हणून देव्हाऱ्याच्या खिळ्याची भोकं लांबी भरून बुजवून, वर रंग देऊन, भिंत होती तशी घरमालकाच्या ताब्यात द्यायची.