ओटो, गुंटर आणि क्रिस्टीन

नवरा-बायको चार दिवस एका गाडीत बसले, तरी काच वर की खाली यावरून खटके उडतात. मग गाडीच घर झाली तर?

जर्मनीचे गुंटर होल्टॉर्फ आणि त्यांच्या सोबतीण क्रिस्टीन यांनी असाच संसार थाटला. १९८८ साली घेतलेली निळी मर्सिडीज जीप, तिचे लाडके नाव ‘ओटो’. झोपायला मागे गादी, झाडांना बांधायला झोळ्या, स्वयंपाक उघड्यावर. हॉटेलची पायरी शक्यतो चढायची नाही. डिझेल इंजिन साधे, ८८ अश्वशक्तीचे. सुटे भाग सोबतच. त्यामुळे बहुतेक दुरुस्ती घरच्या घरी, म्हणजे रस्त्याच्या कडेलाच! सरहद्दीवरची कागदपत्रे मात्र पान्याने सुटत नाहीत. तिथे हवी चिकाटी.

२०१० मध्ये कर्करोगाने क्रिस्टीन गेल्या. प्रवास थांबवायचा नाही, ही त्यांचीच इच्छा होती. गुंटर पुन्हा निघाले. समोरच्या आरशापाशी क्रिस्टीनचा फोटो झुलत होता.

२०१४ मध्ये ओटो बर्लिनला पोहोचली, तेव्हा सुमारे नऊ लाख किलोमीटर झाले होते. आता ती श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयाची आहे. गुंटर २०२१ मध्ये वारले.