लेझीम चिमुकल्यांची, खिरापत सगळ्यांची

मैत्रिणींनो, संक्रांतीचा तिळगूळ संपत आला की आपल्या जुन्नर-आंबेगावात एक आवाज ऐकू यायला लागतो. दुपारची भांडी आवरून जरा पाठ टेकावी, तो शाळेच्या मैदानावरून ‘छन् छन्, छन् छन्!’ १९ फेब्रुवारीची शिवजयंती जवळ आलेली असते, त्यातच शाळेचं स्नेहसंमेलन. १६३० साली ज्या शिवनेरीवर शिवबा जन्मले तो किल्ला डोळ्यांसमोर उभा असताना आपल्या मुलांच्या हातात लेझीम नसेल, तर कुणाच्या असेल?

मोठ्या मुलांचं ठीक आहे. पण हल्ली बालवर्गातल्या चार-साडेचार वर्षांच्या पिल्लांनाही कार्यक्रमात उतरवायची हौस सगळ्यांना असते. आयांना, बाईंना आणि पाहुण्यांनासुद्धा! या पिल्लांना सराव शिक्षा न वाटता खेळ कसा वाटेल, हे मी गेल्या वर्षी स्वतःच्या चुकीतून शिकले. तीच हकिगत आज सांगते.

पहिल्याच दिवशी फजिती

मी बी.ए. झालेली, घर सांभाळून अर्धा दिवस शिकवणारी बाई. बालवर्गाची बावीस मुलं माझ्याकडे सोपवली होती. मी मोठ्या उत्साहानं वरच्या वर्गाच्या लेझमी आणल्या, रांगा केल्या, ‘सावधान-विश्राम’ झालं आणि ‘चार आवाज’ शिकवायला घेतले. चांगला पाऊण तास! लाकडी दांडा, त्याला साखळी नि लोखंडी चकत्या. मोठ्यांचंही मनगट भरून येतं, मग या इवल्याशा हातांचं काय? दहा मिनिटांत मुलं इकडेतिकडे पाहू लागली. एकानं लेझमीची मोटार केली, दुसरा दांड्यानं मातीत रेघा ओढू लागला. मी ओरडले. त्या गडबडीत एका मुलीचं बोट चकत्यांत चिमटलं. जखम मोठी नव्हती. पाण्यानं धुतली, फुंकर घातली, नि मी पुन्हा ‘एक-दोन-तीन-चार’ सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी पाच मुलं आलीच नाहीत. संध्याकाळी त्या मुलीची आई मंडईत भेटली. दिवसभर कांद्याच्या लागणीला जाऊन दमून आलेली. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “बाई, पोरगी रातच्याला झोपंत ‘एक-दोन-तीन-चार’ म्हणती आन् रडती. तिला नका घेऊ त्या लेझमीत. पर शाळंला येऊ द्या.”

मैत्रिणींनो, हातातली भाजीची पिशवी मला एकदम जड झाली. माझ्या पाऊण तासाच्या हौसेपायी एका मुलीचं मन शाळेवरूनच उडायची वेळ आली होती!

सासूबाईंचा प्रश्न

घरी येऊन मी हे सांगितलं. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अगं, भोंडल्याला कधी कुणी पोरींना रांगेत उभं केलं होतं का? तरी सगळ्या न बोलावता यायच्याच ना?”

खरंच की! भोंडल्यात मध्ये हत्ती, भोवती फेर. फेरात पहिली कोण नि शेवटची कोण? पाऊल चुकलं तर कुणी थांबवत नाही, गाणं पुढे जात राहतं आणि पाऊल आपोआप सापडतं. शिवाय शेवटी खिरापत, आणि ती ओळखायची गंमत! आपण सगळ्या त्यातूनच ताल शिकलो, पण कुणी आपल्याला ‘शिकवलं’ नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते वाढवलं, तेही याच वाटेनं. शंख-शिंपले, पानं, बिया हीच त्यांची शिकवायची साधनं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, असा त्यांचा विचार. हे सगळं मी वाचलेलं होतं, पण मैदानावर गेल्यावर नेमकं विसरले!

मग सराव असा बदलला

पहिली गोष्ट वेळेची. एका वेळी दहा-बारा मिनिटं, बस्स. मग पाणी प्यायचं. मुलांनीच ‘अजून’ म्हटलं तर आणखी पाच मिनिटं. सकाळच्या कोवळ्या उन्हात सराव उत्तम. संध्याकाळी लांबवू नये. आपल्याकडे वस्तीवरची मुलं उसाच्या कडेनं घरी जातात आणि बिबट्याची भीती काही खोटी नाही. लहान मूल उजेड आहे तोवर, मोठ्या माणसाचा हात धरूनच घरी पोहोचायला हवं.

दुसरी गोष्ट फेराची. जमिनीवर खडूनं मोठा गोल काढला आणि प्रत्येकाच्या जागेवर एक चित्र: द्राक्षाचा घड, टोमॅटो, पतंग, मासा. ‘आपापल्या चित्रावर जा’ म्हटलं की बावीस मुलं अर्ध्या मिनिटात जागेवर. ‘रांग सरळ करा’ म्हणून ओरडायची गरजच उरली नाही.

तिसरी गोष्ट, आकडे बंद आणि गोष्ट सुरू! शिवनेरी चढताना सात दरवाजे लागतात. म्हणून आमच्या खेळातही सातच हालचाली ठेवल्या. पहिल्या दरवाजाशी पायऱ्या चढायच्या, म्हणजे गुडघे वर. दुसऱ्याशी वाकून आत जायचं. तिसऱ्याशी पहारेकऱ्याला मुजरा. असं करत सातव्याशी हात उंच करून वारा अंगावर घ्यायचा. दरवाजा दोन दिवसांतून एकच उघडायचा आणि आधीचे पुन्हा ओलांडायचे. ‘बाई, आज कुठला दरवाजा?’ असं मुलंच विचारू लागली.

चौथी गोष्ट हलक्या लेझमीची. ही तुम्हीही घरी करू शकाल. वीत-दीड वीत लांबीची वेताची किंवा बांबूची गुळगुळीत काठी घ्या. टोकं कानशीनं घासून कापडानं गुंडाळा. बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं आठ-दहा जमवा, तापवलेल्या दाभणानं त्यांना मधोमध भोकं पाडा आणि जाड सुती दोरीत ओवून दोरी काठीच्या दोन्ही टोकांना पक्की बांधा. आवाज गोड येतो, बोट चिमटत नाही आणि खर्च जवळजवळ नाहीच. पत्र्याची झाकणं मात्र नकोत, कडा लागतात. घुंगरू बांधलेच तर रोज ओढून पाहा. सुटलेलं घुंगरू पोराच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

पाचवी गोष्ट ललकारीची. मुलांना ओरडायला फार आवडतं, आणि आपण दिवसभर त्यांना ‘गप्प बसा’ म्हणतो! सरावात रोज एका मुलाला पुढे करून जयजयकार द्यायला लावला. आधी उंदरासारखा हळू, मग हत्तीसारखा मोठ्यानं. लाजरी मुलंसुद्धा हळू आवाजाच्या पाळीला तोंड उघडतात.

परदेशातली चिअरलीडिंग म्हणतात ती याहून वेगळी नाही बरं का! २००८ पासून आयपीएलच्या सामन्यांमुळे ती घरोघरी टीव्हीवर दिसली. पण तिची सुरुवात १८९८ साली अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात झाली. जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्यानं प्रेक्षकांसमोर उभं राहून सगळ्यांकडून एका सुरात ललकारी देववली. म्हणजे मूळ गंमत सगळ्यांनी मिळून आवाज देण्याची, पोशाखाची नव्हे. मुलीनं टीव्हीवरचे झुपके मागितले तर जुन्या साडीच्या रंगीत पट्ट्या कापून मूठभर बांधून द्या. लेझमीच्या जोडीला तेही छान दिसतात.

सहावी गोष्ट, ‘चुकलं’ हा शब्द हद्दपार. एखाद्यानं हात उलटा फिरवला की मी म्हणे, “अरे वा, हे नवीन! चला, सगळे करून पाहू.” आणि ज्याला नाचायचं नाही त्याला दंडाला धरून उभं करायचं नाही. त्यानं बाजूला बसून डब्यावर ताल धरावा.

आणि शेवटी खिरापत! डबा खुळखुळवायचा, मुलांनी ओळखायचं. चुरमुरे, काकडी, गुळाची दशमी, असं साधंच. पाळीपाळीनं एकेका आईनं आणायचं. अख्खे शेंगदाणे एवढ्या लहानांना देऊ नयेत, ठसका लागतो. कूट-गुळाचे लाडू द्यावेत.

आयांनो, एवढं कराच

कार्यक्रमाला नऊवारी हवीच, पण सुती नि शिवलेली. टाचण्या, टोचणारी नथ, जड बांगड्या नकोत. आणि पाहुणे आले की ‘करून दाखव बरं काकांना’ असा आग्रह धरू नका. मुलाला आपणहून वाटलं तर ते स्वयंपाकघरात लाटणं घेऊन नाचेल. तेव्हा पोळी करपली तरी चालेल, पण बघा!

शिवजयंतीला काय झालं ते सांगते. आमचा फेर अंड्यासारखा झाला. एकानं पाचव्या दरवाजाशीच आईला हात केला, दुसरा मुजरा करून तसाच वाकून राहिला. लोक हसले, मुलंही हसली. त्या बोट चिमटलेल्या मुलीनं लेझीम हातात धरली नाही, शेवटपर्यंत नाही. सरावाच्या चौथ्या दिवसापासून ती माझ्याजवळ बसून डब्यावर ताल धरत होती. त्या दिवशीही तिनं तेच केलं, आणि ललकारीच्या वेळी मात्र उभी राहिली. तिची आई लांब भिंतीशी उभी होती. कार्यक्रम संपल्यावर लेकीला कडेवर घेऊन म्हणाली, “बाई, आता झोपंत हासती.”

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. मिळायला हवं होतं असंही मला वाटत नाही. पाहुणे अर्ध्या तासात जातात, मूल मात्र रोज शाळेत यायचं असतं. म्हणून मैत्रिणींनो, तुमचं पिल्लू सरावाहून घरी आलं की ‘नंबर येईल का गं तुझा?’ असं विचारू नका. ‘आज खिरापत काय होती?’ एवढंच विचारा. त्याचा चेहराच तुम्हाला सांगेल, सराव कसा झाला ते!