लव्ह, लग्न आणि लेक्चर

एक्सेल शिकायला क्लास असतो. शेअर बाजाराचा असतो, स्विमिंगचा असतो, झालंच तर केक बनवायचाही असतो. मग ज्या नात्यात उरलेलं आयुष्य काढायचं, ते निभवायला? छे, ते म्हणे आपोआप येतं!

दिल्ली विद्यापीठाला मात्र तसं वाटलं नाही. २०२५ साली तिथल्या मानसशास्त्र विभागाने जवळच्या नात्यांवर चार क्रेडिट्सचा ऐच्छिक पेपर जाहीर केला. कॉमर्स असो की केमिस्ट्री, पदवीच्या कुठल्याही विद्यार्थ्यासाठी. मैत्री, प्रेम, मत्सर, ब्रेकअप आणि नातं धोक्याचं होत चाललंय हे ओळखायच्या खुणा, सगळं सिलॅबसमध्ये. 'प्रेमाची परीक्षा' वगैरे विनोद करून घ्या. पण ही कल्पना आजची नाही.

किडे सोडून माणसं

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात १९३८ च्या उन्हाळ्यात 'विवाह' या विषयावर कोर्स सुरू झाला. त्याची सूत्रं होती अल्फ्रेड किन्से यांच्याकडे. हे प्राणिशास्त्रज्ञ, चिमुकल्या गांधीलमाश्यांचे तज्ज्ञ! विद्यार्थी शंका विचारू लागले आणि किन्सेंच्या लक्षात आलं, की उत्तरं द्यायला भरवशाचं संशोधनच फारसं नाही. मग त्यांनी लोकांच्या मुलाखती घेऊन माहिती जमवायला सुरुवात केली. गावातल्या धर्मगुरूंना, डॉक्टरांना ते पटेना. अखेर १९४० मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सांगितलं, कोर्स किंवा संशोधन, एकच निवडा. किन्सेंनी संशोधन निवडलं. त्यातून १९४८ चा त्यांचा गाजलेला अहवाल आला.

अशी ठिणगी आपल्या मुंबईत त्याआधीच पडली होती. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं. मिशनरी कॉलेजला त्यांचे विचार झेपले नाहीत आणि नोकरी गेली. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि अश्लीलतेचे खटले झेलत १९५३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत चालवलं. वर्ग सुटला, शिकवणं सुटलं नाही.

धर्माच्या तासाला

म्हणजे धर्म आणि हा विषय यांचं कायम भांडणच? तसंही नाही. येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात मार्गारेट फार्ली यांनी १९७१ पासून अनेक वर्षं ख्रिस्ती नीतिशास्त्र शिकवलं. त्या स्वतः कॅथलिक नन! २००६ च्या 'जस्ट लव्ह' या पुस्तकात त्यांनी प्रश्नच बदलला. काय चालतं आणि काय चालत नाही, यापेक्षा हे नातं न्याय्य आहे का, ते बघा. कुणाला इजा होतेय का? दोघांची मोकळ्या मनाने संमती आहे का? बरोबरी आहे का? बांधिलकी आहे का? २०१२ मध्ये व्हॅटिकनने या पुस्तकावर जाहीर हरकत घेतली. तरी एक गोष्ट उरतेच. धर्माच्या आत राहूनही असे प्रश्न विचारता येतात.

आता हेच प्रश्न आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला लावून बघा. पत्रिका जुळली, पॅकेज जुळलं, जात तर आधीच गाळून घेतलेली. पण मुलीचा होकार मोकळ्या मनाचा होता, की 'आता किती नकार देणार?' या धाकाचा? अवघड जातंय ना उत्तर?

होमवर्क : आईबाबा

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २००० च्या सुमारास 'मॅरेज १०१' नावाचा कोर्स सुरू झाला. 'योग्य जोडीदार कसा पटकवावा' हा त्याचा विषय नाही. आधी स्वतःला ओळखा, हा त्याचा पाया. आपण कशाने चिडतो, भांडणात गप्प बसतो की आवाज चढवतो, आणि हे सगळं घरातून कुठून उचललं? त्यासाठी होमवर्क काय, तर स्वतःच्या आईवडिलांची मुलाखत घ्यायची, त्यांच्याच नात्याबद्दल! शिवाय इतर जोडप्यांशी बोलायचं ते वेगळंच.

आपल्याकडे उलटंच. २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. तुम्ही आज पंचविशी-तिशीत असाल, तर तेव्हा शाळेतच होतात. मग शिकलो कुठून? मित्रांच्या कट्ट्यावर, सिनेमातून आणि मोबाइलवर जे दिसलं त्यातून. त्यात संमती हा शब्द कितीदा आला, ते आठवून बघा.

कोर्स केल्याने संसार सुखाचा होईल, अशी गॅरंटी कुठलंही विद्यापीठ देत नाही. पण न घाबरता प्रश्न विचारायची एक जागा मिळते. बोहल्यावर चढल्यावर पहिल्यांदा विचारण्यापेक्षा ते कधीही स्वस्त!

तुमच्या कॉलेजात असा पेपर नव्हता? हरकत नाही, होमवर्क तर करता येईल. या रविवारी चहा टाका आणि आईबाबांना विचारा, "लग्नाच्या वेळी तुम्हाला खरंच कुणी विचारलं होतं का?" उत्तर ऐकताना मोबाइल तेवढा बाजूला ठेवा.